शेवटच्या पानापासून वाचणारे सर

"आला का हो सर, तुमचा टँकर?"

काऊंटरवरच्या मॅडमनी हे विचारलं तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयातला माझा पहिलाच दिवस होता. सदस्यत्वाचं कार्ड घ्यायला मी रांगेत उभी होते आणि मला वाटलं, खरोखरच कुणाच्या तरी घरच्या पाण्याची चौकशी चाललीय. ते दिवसच तसे होते. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि बीड बायपासवरच्या आमच्या नव्या सोसायटीत सकाळची पहिली बातमी टँकरचीच असायची. माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसानं कापडी पिशवी काखेत सरकवली आणि शांतपणे सांगितलं, "येईल की मॅडम. नंबर लावलाय."

तो टँकर म्हणजे गणितातला एक शोधनिबंध होता. दिल्लीच्या एका ग्रंथालयाकडे त्याची झेरॉक्स मागितली होती. पत्र गेलं होतं, स्मरणपत्रही गेलं होतं, आणि सर दर शनिवारी येऊन काऊंटरवर चौकशी करून जायचे. मॅडमना त्यांची कीव यायची आणि गंमतही वाटायची. कुठल्याही कामाला त्यांचं हे एकच उत्तर असे: नंबर लावलाय. त्यात तक्रार नसे. आपल्याआधी बरीच माणसं तहानलेली आहेत हे मान्य असल्यासारखं ते बोलायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. चाळिशी ओलांडलेले, पाचोडच्या एका कॉलेजात गणित शिकवणारे, आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करणारे. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. नोकरी, घर, शेत, भाऊबंद हे सगळं आटोपून उरलेल्या दिवसात ते एखाद्या प्रश्नापाशी येऊन बसतात, आणि तो दिवस बहुतेक वेळा एसटीतच संपतो.

मी नुकतीच संशोधनाला लागले होते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी मराठी असली तरी बाहेर बोलताना मी वाक्य आधी मनात पूर्ण करून घ्यायचे, आणि ते पूर्ण होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. त्यामुळे मी मान हलवायचे. सर पुष्कळ दिवस समोरच्या टेबलावर बसत होते आणि आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मग एकदा डब्याचं झाकण उघडता उघडता ते म्हणाले, "ताई, तुम्ही बोलत नाय, पण बघता लई."

मी मान हलवली. त्यांनी भाकरीचा चतकोर माझ्याकडे सरकवला.

मी बघत होते ते हे, की सर निबंध शेवटच्या पानापासून वाचत. शीर्षक नाही, प्रस्तावना नाही. सरळ शेवटी जाऊन संदर्भसूचीवर बोट ठेवायचं आणि एकेक नाव ओठांत पुटपुटत वर सरकायचं. कुठं ओळखीचं नाव आलं की चेहरा खुलायचा. लग्नाच्या मांडवात नातेवाईक भेटल्यावर खुलतो तसा.

मी न विचारताच त्यांनी खुलासा केला. "आमच्याकडं स्थळ आलं की पोराचं शिक्षण आधी कुणी इचारत नाय. मामाकूळ कोणतं, आत्या कुठं दिली, ते इचारतात. निबंधाचंबी तसंच. कुणाकुणाचा आधार घेतलाय ते बघायचं. घराणं कळलं की पुढं मुलगा कसा असंल याचा अंदाज येतो."

आणि खरोखर त्यांच्या डोक्यात त्या सगळ्या माणसांची वंशावळ होती. अमका तमक्याचा विद्यार्थी, हे दोघं एकत्र लिहायचे पण पुढं बिनसलं, हा हंगेरीवाल्यांचा जावई. जावई म्हणजे त्यांच्या सूचीत नव्यानं येऊ लागलेला. पृथ्वीच्या पाठीवरच्या या अनोळखी लोकांबद्दल ते इतक्या घरोब्यानं बोलायचे, की पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, हे लग्न जुळवतात का.

माझी पद्धत वेगळी होती. संगणकापुढे बसायचं, शोधाच्या चौकटीत शब्द टाकायचे, समोर येईल ते चाळायचं. सर मागं उभे राहून बघायचे आणि त्यांना ते काही पटायचं नाही. "हे म्हणजे भर बाजारात उभं राहून, कुणी पोरगी देता का पोरगी, म्हणून ओरडल्यासारखंय," ते म्हणाले. "देईलबी एखादा. पण घराणं?"

तसं संगणकाच्या खोलीतही सुख नव्हतं. विद्यापीठानं घेतलेली वर्गणी कधी चालू असे, कधी संपलेली असे, आणि कुणालाच नक्की माहीत नसे. पासवर्ड बदललेला असला तर तो माहीत असणारा माणूस रजेवर असे. निबंधाचं पान उघडायचं, शीर्षक दिसायचं, लेखकांची नावं दिसायची, खाली सारांशाच्या दोन-तीन ओळी, आणि त्याखाली कुलूप. सर चष्मा वर करून ते कुलूप बघत राहायचे. "उंबऱ्यापर्यंत येऊ देतात," ते म्हणायचे, "पण पाणी इचारत नाय."

मग त्यांनी लेखकांनाच लिहायचं ठरवलं. इंग्रजी पत्राचं काम माझ्याकडे आलं. ते मराठीत सांगायचे, मी टाइप करायचे. आरंभी परदेशातल्या त्या अनोळखी प्राध्यापकांच्या तब्येतीची चौकशी, मग कॉलेजची माहिती, मग निबंधाची विनंती, आणि शेवटी, "यंदा आमच्याकडं पाऊस नाय, हेबी घाला." मला ते कळेना. एका मोठ्या गणितज्ञाला आपल्या पावसाचं काय? ते म्हणाले, पत्र लिहितोय, अर्ज नाय. मी घातलं.

बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं नाही. पण एका थंड देशातल्या निवृत्त म्हाताऱ्या प्राध्यापकांनी निबंध स्कॅन करून पाठवला आणि खाली लिहिलं, आमच्या दारातला बर्फ संपत नाही, न्यायची सोय असेल तर सगळा घेऊन जा. सरांनी त्या ओळीचा प्रिंट काढून घेतला. मॅडमना वाचून दाखवला. "बर्फ देतो म्हणतोय. टँकर पाठवा म्हणावं का?" मॅडम पोट धरून हसल्या. त्या दिवशी सरांनी पिशवीतून मोसंब्या काढून सगळ्यांना वाटल्या. त्यांच्या भावानं जगवलेल्या बागेतल्या होत्या, आणि त्या वर्षी लिंबाएवढ्याच राहिल्या होत्या.

आता त्यांच्या प्रश्नाबद्दल. घाबरू नका, मला तो त्यांनी शेंगदाण्यांवर समजावला होता. टेबलावर शेंगदाणे मांडले. हे पाचोड, हे करमाड, ह्या मधल्या वाड्या. मधे पेन्सिलीच्या रेघा, म्हणजे टँकरचे रस्ते. आता यातले कुठलेही दोन रस्ते बंद पडले, तरी प्रत्येक वाडीला पाणी पोचतं का? एका विशिष्ट घडणीचं जाळं असेल तर पोचतंच, जाळं कितीही मोठं असो, हे सरांनी सिद्ध केलं होतं. त्यांच्या प्रबंधात चार प्रकरणं होती. पहिली तीन शाळेच्या गणवेशासारखी आहेत, असं ते स्वतःच सांगायचे. सगळ्यांची सारखीच असतात. चौथं प्रकरण म्हणजे ही सिद्धता. तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "हे तेवढं माझं."

त्या प्रकरणावरच सगळं होतं. त्यांच्या नोंदणीची मुदत आधीच वाढवून झाली होती. आता समितीपुढे एक सादरीकरण आणि त्यात नवं काही दिसलं तरच आणखी वेळ, नाहीतर नोंदणी रद्द. हे ते एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगायचे.

त्या प्रकरणाला धक्का देणारं जे होतं, ते माझ्याच हातून सापडलं. मी माझ्याच कामासाठी शोधत होते. हव्या त्या नावानं काही मिळेना, म्हणून मी नाव सोडून दिलं आणि साध्या शब्दांत प्रश्नच लिहिला. जाळं, तुटलेले दुवे, पोचणं. पुढे जी यादी आली तिच्यात मधेच एका परिषदेच्या जुन्या ग्रंथाची नोंद होती. विषय, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जोडण्या. खाली सारांशाच्या तीन ओळी. मी त्या वाचल्या. वाड्यांच्या जागी टेलिफोन होते, रस्त्यांच्या जागी तारा. बाकी सगळं शेंगदाण्यांवर मांडलं होतं तेच.

सर समोरच्या टेबलावर होते. मी जाऊन उभी राहिले. माझं वाक्य काही जुळेना, म्हणून मी नुसता संगणकाकडे हात केला. ते येऊन बसले, ओळींखाली बोट धरून वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला.

"तीन ओळींवरून स्थळ मोडत नसतात, ताई," ते म्हणाले. "मूळ बघू."

तिथून पुढचे शनिवार आम्ही ते मूळ शोधण्यात घालवले. तो ग्रंथ ऑनलाइन कुठंच नव्हता, नुसती नोंद होती. दिल्लीला पत्र गेलं. माझ्या शाळेतली एक मैत्रीण पुण्याला शिकत होती, तिनं तिथं पाहिलं, नाही. लेखकाच्या पत्त्यावर पाठवलेली ईमेल परत आली. बर्फवाल्या प्राध्यापकांनी कळवलं की ही इंजिनिअर मंडळी, यांच्याशी आमचं कधी येणंजाणं नव्हतं. सरांच्या मार्गदर्शकांनी तर समजुतीनं सांगितलं, की मिळत नाही ना, मग ते नाहीच असं धरा आणि सादरीकरणाला लागा. सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "नाय सर, हाय म्हणून लिहिलंय की."

मला वाटायचं, ते मिळूच नये. मी शोधायचे मात्र मनापासून. हे दोन्ही एकाच वेळी कसं होत होतं, मला सांगता येणार नाही.

ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला लाकडी खणांची जुनी कपाटं होती, पुस्तकांच्या नोंदींची कार्डं असलेली. सगळं संगणकावर घ्यायचं काम अर्ध्यात थांबलं होतं, आणि त्या कपाटांवर आता टेबलफॅन आणि चहाचे कप ठेवले जायचे. एका शनिवारी लाइट गेली. संगणक बंद. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून सर आणि मी खण ओढून कार्डं चाळू लागलो. गणितात नव्हतं, संख्याशास्त्रात नव्हतं. विद्युत अभियांत्रिकीच्या खणात ते कार्ड होतं. पिवळं पडलेलं, निळ्या शाईतलं. ग्रंथ आमच्याच ग्रंथालयात होता.

नुसता ग्रंथालयात नाही. खिडकीजवळच्या ज्या खुर्चीवर सर दर शनिवारी बसायचे, तिच्या मागच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर.

परदेशातून पूर्वी कधीतरी भेट आलेला असावा. त्याच्या पानांच्या कडा अजून एकमेकींना जोडलेल्या होत्या. कुणी उघडून वाचलाच नव्हता. मॅडमनी स्टीलची पट्टी दिली आणि मी एकेक पान सोडवत गेले. कापायचं काम सरांनीच माझ्याकडे दिलं. ते म्हणाले, "तुम्ही कापा, माझ्याच्यानं तिरकं जातं."

आधी ते सवयीनं शेवटच्या पानावर गेले. सूचीतलं एकही नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. "ह्यांचं आपलं कुठंच नातं नाय," ते म्हणाले. "सात पिढ्यांत नाय. म्हणून गावलं नाय बगा." मग त्यांनी पहिलं पान उघडलं. पहिल्या पानापासून वाचताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. मी समोर बसून राहिले. पंखा बंद होता, माठ रिकामा होता, बाहेर नव्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं आणि त्याची धूळ खिडकीतून आत येत होती.

वाचून झाल्यावर त्यांनी ग्रंथ मिटला नाही. एक पान माझ्याकडे वळवलं. "केलंय ह्यानं," ते म्हणाले. "आणि लई सुबक केलंय. इथं बगा, मी एवढा वळसा घालून आलो, आणि हा पठ्ठ्या बांधावरून उडी मारून गेला." आणि त्यांनी मला ती उडी समजावून सांगितली. मन लावून, वर्गात शिकवावी तशी. त्यांना खरोखर आनंद झालेला दिसत होता. मला कुठं बघावं ते कळत नव्हतं. मी पान बघत राहिले.

जाताना त्यांनी तो ग्रंथ मॅडमकडे दिला आणि विनंती केली, की याचं एक कार्ड गणिताच्या खणातही टाका. मॅडमनी कारण विचारलं. "पुढच्याला सापडंल," ते म्हणाले.

मुदत वाढली नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी आशा धरणार नाही. सादरीकरणानंतर सर शनिवारी यायचे थांबले. खिडकीजवळच्या खुर्चीवर स्पर्धा परीक्षांची मुलं बसू लागली. पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्याआधीच त्यांच्या भावानं मोसंबीची झाडं काढून टाकली होती, हे मला मॅडमकडून कळलं. बीड रस्ता रुंद झाला. पाचोडला आता पूर्वीच्या निम्म्या वेळात पोचता येतं म्हणतात, मी गेलेले नाही. खोदकाम चालू होतं ती इमारत उभी राहिली, तिच्यात संगणकांच्या रांगा आहेत, आणि आता माझ्या मोबाइलवरही पुष्कळ कुलपं उघडतात. दिल्लीहून ती पहिली झेरॉक्स शेवटी आली. मॅडमनी सरांना फोन केला, ते म्हणाले, ताईंना द्या. ती माझ्याकडे आहे. मी एकदा फोन केला होता. त्यांनी माझ्या कामाची सगळी चौकशी केली आणि मी हो आणि नाही एवढंच बोलू शकले.

म्हणून त्या सादरीकरणाच्या दिवसाबद्दल लिहिते.

विभागाच्या सभागृहात पुढच्या रांगेत समिती होती. अध्यक्ष, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, सरांचे मार्गदर्शक. मागे आम्ही विद्यार्थी. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायात नवीन चपला होत्या, त्या चालताना वाजत होत्या. त्यांनी प्रोजेक्टर नको म्हणून सांगितलं. खडू घेतला आणि चौथ्या प्रकरणाची सिद्धता फळ्यावर लिहायला सुरुवात केली. ग्रंथातली नाही. स्वतःची. तो वळसा घातलेली, लांबलचक, एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरणारी. सगळा फळा भरला. लिहिताना ते वाड्या आणि रस्ते असंच म्हणत होते, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

शेवटची ओळ लिहून ते वळले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, की हे आधी झालेलं आहे. ग्रंथाचं नाव सांगितलं, पान सांगितलं. मार्गदर्शकांनी मान खाली घातली.

बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, ग्रंथ कुठं मिळाला. सर म्हणाले, इथंच, आपल्या ग्रंथालयात.

"इथंच? आणि इतकी वर्षं तुम्हाला दिसला नाही?"

"मी त्याच कपाटाला पाठ करून बसायचो, सर."

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं हसले. वाईट हेतूनं नव्हे. ते हसण्यासारखंच होतं, आणि सरही थोडे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी समोरचा कागद सरळ केला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "मग सर, यात तुमचं काय उरलं?"

सर फळ्याकडे वळले. बराच वेळ ते वरपासून खालपर्यंत बघत राहिले. शेंगदाणे मांडून मला रस्ते दाखवणारं बोट त्यांनी एका ओळीवर टेकवलं आणि काढून घेतलं.

"काय नाय, सर," ते म्हणाले. आणि वर्ग संपल्यावर मास्तर करतो तसं त्यांनी डस्टर उचललं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुसायला लागले.

मी त्या सभागृहात कधीच बोलले नव्हते. कुठल्याच सभागृहात नाही. माझ्या खुर्चीचा आवाज झाला, तो मला दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीचा वाटला. माना मागे वळल्या. मनात काहीही तयार नव्हतं, एक शब्दही नाही.

"सर, पुसू नका," मी म्हणाले. "माझं अजून उतरवून व्हायचंय."